मेनिंजिओमाचा रिपोर्ट हातात आला, आता कुठून वाचायचा?

मेनिंजिओमाचा, म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या गाठीचा, रिपोर्ट शेवटच्या पानावरून वाचायला घेऊ नका. आयएचसीचा, म्हणजे पेशींतली प्रोटीनं रंगवून पाहायच्या तपासणीचा, तक्ता तिथेच असतो. त्यात 'पॉझिटिव्ह' हा शब्द पाच-सहा वेळा छापलेला असतो, आणि तो पाहूनच निम्म्या घरांत रडारड सुरू होते. कोविडपासून तर पॉझिटिव्ह म्हणजे वाईटच, हे डोक्यात पक्कं बसलंय. मेनिंजिओमात त्यातलं बरंचसं पॉझिटिव्ह येणं हीच चांगली बातमी असते.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावात बसते. आमच्याकडे मेंदूची ऑपरेशनं होतात आणि काढलेली गाठ फॉर्मॅलिनच्या डबीतून माझ्या टेबलावर येते. पेशंटची नि माझी गाठ सहसा पडतच नाही. भेटतो तो मुलगा नाहीतर जावई, काउंटरवरच्या मुलीशी हुज्जत घालून रिपोर्ट नाचवत आत आलेला. त्याला समोर बसवून मी जे सांगते, तेच इथे लिहिते आहे. उपचार काय करायचे ते तुमचे न्यूरोसर्जन आणि रेडिएशनवाले ठरवतील. मी फक्त कागद वाचायला शिकवणार.

वाचायचा क्रम असा ठेवा: आधी निदानाची ओळ, मग ग्रेड, मग तो ग्रेड कशाच्या जोरावर दिला ते, आणि सगळ्यात शेवटी मार्कर, म्हणजे त्या तक्त्यातली नावं.

निदानाची ओळ

साधारण अशी असते: 'मेनिंजिओमा, मेनिंगोथेलियल प्रकार, सीएनएस डब्ल्यूएचओ ग्रेड १'. सीएनएस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू. यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेनिंजिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणातल्या पेशींची गाठ. खुद्द मेंदूच्या पेशींची नव्हे. हे नाव हार्वे कुशिंग या अमेरिकन न्यूरोसर्जनने १९२२ मध्ये रूढ केलं. मोठ्या माणसांत कवटीच्या आत मूळ धरणाऱ्या गाठींत ही सगळ्यात जास्त आढळते आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त.

मधला शब्द प्रकाराचा. असे १५ प्रकार आहेत: मेनिंगोथेलियल, फायब्रस, ट्रान्झिशनल, सॅमोमॅटस वगैरे. बहुतेक प्रकारांनी तुमच्या पुढच्या वाटचालीत काडीचा फरक पडत नाही. इंटरनेटवर त्यांच्यामागे रात्र घालवू नका. दोन नावं मात्र लक्षात ठेवा, कॉर्डॉइड आणि क्लिअर सेल. गाठ या प्रकारची असेल तर बाकी काहीही दिसो, ग्रेड २ ठरतो. रॅब्डॉइड आणि पॅपिलरी या दोघांना पूर्वी नुसत्या नावावरून ग्रेड ३ मिळायचा. डब्ल्यूएचओच्या वर्गीकरणाच्या २०२१ च्या आवृत्तीपासून तसं राहिलं नाही. त्यांनाही बाकीच्यांसारखे निकष लावूनच ग्रेड द्यायचा आहे.

शेवटचा ग्रेड: १ सगळ्यात सौम्य, ३ सगळ्यात आक्रमक. साधारण १०० मेनिंजिओमांत ८० च्या आसपास ग्रेड १ असतात, ग्रेड ३ फार तर १ ते ३, उरलेले ग्रेड २. आकडा कसा छापलाय तेही बघा. डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये रोमन आकडे सोडून साधे १, २, ३ घेतले. रिपोर्टवर अजून रोमन आकडा असेल, तर 'कोणती आवृत्ती वापरलीत?' एवढं विचारायला हरकत नाही. कदाचित टाइप करणाऱ्याच्या हाताची सवय असेल, कदाचित निकषच जुने लावलेले असतील.

आणि एक घोळ, जो मी सारखा पाहते. डिस्चार्ज कार्डावर 'सिम्प्सन ग्रेड २' लिहिलेलं असतं आणि माझ्या रिपोर्टवर 'ग्रेड १'. मग घरात चर्चा: दोघांतला खोटा कोण? कुणीच नाही. सिम्प्सन ग्रेड हा सर्जनने गाठ कितपत काढली त्याचा. डोनाल्ड सिम्प्सनने १९५७ मध्ये ती पद्धत मांडली. १ म्हणजे गाठ, तिला चिकटलेलं आवरण आणि बाधित हाड, सगळं काढलं. २ म्हणजे गाठ पूर्ण काढली आणि आवरणाची जागा जाळून घेतली. ५ म्हणजे दाब कमी करण्यापुरतं किंवा नुसता तुकडा घेतला. माझा ग्रेड गाठीच्या स्वभावाचा. पुढचा निर्णय घेताना डॉक्टर दोन्ही शेजारी ठेवूनच बघतात, म्हणून दोन्ही कागद एकाच फाइलला लावा.

ग्रेड ठरतो कसा

हा भाग नीट वाचा, कारण पुढच्या सगळ्या प्रोटीन मार्करचं वजन इथेच कळतं. मेनिंजिओमाचा ग्रेड आजही मुख्यतः मायक्रोस्कोपखाली, साध्या गुलाबी-जांभळ्या स्लाइडवर ठरतो.

ग्रेड १ ची स्लाइड बघायला सुरेख असते. फिकट, लंबगोल केंद्रकं, पेशींच्या सीमा पुसट, आणि पेशी एकमेकींभोवती गुंडाळून झालेले भोवरे. काही भोवऱ्यांच्या पोटात चुन्याचे गोल, कांद्यासारखे पापुद्रे असलेले दाणे. या शांत गर्दीत मी शोधत असते विभाजन होत असलेली पेशी, म्हणजे मायटोसिस. तिच्यात केंद्रकाचा पडदा नाहीसा झालेला असतो आणि मधे काळाकुट्ट, कडा झुबकेदार असलेला पट्टा दिसतो, नाहीतर एकमेकांपासून दूर सरकणारे दोन पट्टे. मरणारी पेशीही काळीच दिसते, पण तिचं केंद्रक आक्रसलेलं, गुळगुळीत आणि भोवती भडक गुलाबी द्रव्य असतं. ती मोजायची नाही. शंका आली तरी मोजायची नाही.

ही गणती दहा हाय पॉवर फील्डमध्ये, म्हणजे मोठ्या लेन्सखाली एका वेळी दिसणाऱ्या दहा गोलांत करतात, तीही जिथे मायटोसिस सगळ्यात जास्त दिसतात त्या भागात. ४ ते १९ निघाल्या तर ग्रेड २, २० किंवा जास्त निघाल्या तर ग्रेड ३.

आता यातली मेख. हे जे 'फील्ड' आहे ते ०.१६ चौरस मिलिमीटरचं धरलेलं आहे. जुन्या १८ नंबरच्या आयपीसमधून (डोळ्याजवळच्या भिंगातून) ४० च्या लेन्सला बरोबर तेवढंच दिसायचं. आज माझ्यासमोरच्या मायक्रोस्कोपला २२ नंबरचे आयपीस आहेत. त्यातून एका वेळी जवळपास ०.२४ चौरस मिलिमीटर दिसतं. म्हणजे माझी दहा फील्ड ही निकषातल्या पंधरा फील्डांच्या बरोबरीची झाली! त्यात मला ५ मायटोसिस सापडल्या आणि हिशोब न करता मी '१० फील्डमध्ये ५' लिहिलं, तर ग्रेड १ च्या बाईला ग्रेड २ चिकटला. म्हणून नव्या पद्धतीत दर चौरस मिलिमीटरला किती, असं लिहितात: २.५ किंवा जास्त तर ग्रेड २, १२.५ किंवा जास्त तर ग्रेड ३. माझ्या उदाहरणात तो आकडा २.१ येतो, सीमेच्या अलीकडे. तुमचा ग्रेड फक्त मायटोसिसवर २ झाला असेल आणि संख्या ४, ५, ६ अशी काठावरची असेल, तर 'फील्डचा आकार किती धरला?' हा प्रश्न नक्की विचारा. चांगला पॅथॉलॉजिस्ट या प्रश्नाने रागावत नाही. उलट खूश होतो, निदान मी तरी होते.

ग्रेड २ चा दुसरा रस्ता म्हणजे मेंदूत शिरकाव. गाठ मेंदूला नुसती टेकलेली, दाबून बसलेली असेल तर तो शिरकाव नव्हे. गाठीच्या जिभा मेंदूच्या ऊतीत घुसलेल्या दिसायला हव्यात, मधे पडदा नको. २०१६ पासून एवढ्या एका गोष्टीवरही ग्रेड २ देता येतो. पण त्यासाठी आलेल्या तुकड्यांत मेंदूचा थोडा भाग असावा लागतो. सर्जनने गाठ अलगद सोडवून काढली, तर मेंदू माझ्याकडे येतच नाही. मग मी लिहिते, 'मेंदूची ऊती आढळली नाही, शिरकावाबद्दल भाष्य शक्य नाही.' याचा अर्थ शिरकाव नाही असा घेऊ नका. आणि कवटीच्या हाडात किंवा ड्यूरात, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या जाड आवरणात, गाठ गेली आहे असं लिहिलेलं असेल, तर त्याने ग्रेड वाढत नाही. ते वाचून घाबरणारे खूप भेटतात.

तिसरा रस्ता पाच खुणांचा, पैकी तीन दिसायला हव्यात: पेशींची दाटी, लहान पेशींचे पुंजके, ठळक न्यूक्लिओलस (केंद्रकातला ठिपका), भोवरे मोडून पेशींची सलग चादर, आणि आपोआप झालेला नेक्रोसिस म्हणजे ऊतीचं मरण. 'आपोआप' महत्त्वाचं. ऑपरेशनच्या आधी रक्तस्राव कमी व्हावा म्हणून कधीकधी गाठीच्या रक्तवाहिन्या बंद करतात, एम्बोलायझेशन म्हणतात त्याला. त्यानेही गाठीचा काही भाग मरतो आणि तो मोजायचा नसतो. पण ते झालंय हे मला कळायला तर हवं! डबीसोबतच्या फॉर्मवर बऱ्याचदा फक्त 'एसओएल ब्रेन', म्हणजे 'मेंदूत गाठ', एवढंच लिहिलेलं असतं. एम्बोलायझेशन झालं असेल, आधी रेडिएशन झालं असेल, पूर्वी कुठला कॅन्सर होऊन गेला असेल, तर ते फॉर्मवर लिहायला तुम्हीच आठवण करा.

ग्रेड ३ ला २० मायटोसिसखेरीज आणखी वाटा आहेत. पेशी इतक्या बिघडलेल्या की मेनिंजिओमा म्हणून ओळखूच येत नाहीत, ही एक. बाकीच्या दोन जनुकांच्या: टर्ट या जनुकाच्या प्रमोटरमधला (त्याला चालू-बंद करणाऱ्या भागातला) बदल, किंवा सीडीकेएन२ए/बी या जनुकाच्या दोन्ही प्रती गळून जाणं. यांपैकी एक जरी सापडलं तरी स्लाइड कशीही दिसो, ग्रेड ३.

आता मार्करचं पान

आयएचसी म्हणजे विशिष्ट प्रोटीनला चिकटणारी अँटीबॉडी टाकून ते प्रोटीन पेशीत आहे की नाही ते तपकिरी रंगाने दाखवणं. तक्त्यातल्या नावांचे मनातल्या मनात दोन गट पाडा. पहिला गट विचारतो, 'ही मेनिंजिओमाच ना?' दुसरा विचारतो, 'वागेल कशी?'

पहिल्या गटात ईएमए आणि एसएसटीआर२ए. ईएमए पेशीच्या कडेला उमटतो, पुष्कळदा फिका आणि जागोजागी. 'फोकल पॉझिटिव्ह' वाचून बिचकू नका, मेनिंजिओमात तो असाच असतो. एसएसटीआर२ए जास्त भरवशाचा, बहुतेक गाठींत गडद येतो. हाच रिसेप्टर धरून गॅलियम डोटाटेट पेट स्कॅन चालतो. पुढे कधी 'उरलेली गाठ आहे की ऑपरेशनचा व्रण?' असा प्रश्न आला तर त्या स्कॅनचा उपयोग होतो. व्हायमेंटिन पॉझिटिव्ह असेल तर असू दे, शरीरातल्या शेकडो गोष्टींत तो येतो.

याच गटातली बाकीची नावं निगेटिव्ह यावीत म्हणून टाकलेली असतात. स्टॅट६ केंद्रकात पॉझिटिव्ह आला तर ती सॉलिटरी फायब्रस ट्यूमर नावाची वेगळीच गाठ, एमआरआयवर हुबेहूब मेनिंजिओमा दिसणारी. सॉक्स१० ठळक आला तर श्वानोमाचा, म्हणजे नसेच्या आवरणाच्या गाठीचा, विचार. कानामागच्या कोनातल्या गाठीत हा प्रश्न हमखास येतो. एस१०० एकटा फसवतो, कारण फायब्रस मेनिंजिओमातही तो थोडाफार येतो. जीएफएपी मेंदूच्या ऊतीला रंगवतो, गाठीला नाही; तो बऱ्याचदा शिरकाव पाहण्यासाठीच लावलेला असतो. तपकिरी मेंदूत घुसलेल्या बिनरंगी जिभा त्यात लख्ख दिसतात.

सायटोकेरॅटिन दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर वगळण्यासाठी. अपवाद सिक्रेटरी मेनिंजिओमाचा: त्यात केरॅटिनही येतं, सीईए हा कॅन्सरमध्ये दिसणारा मार्करसुद्धा येतो, आणि तरीही गाठ ग्रेड १ ची साधी असते. पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर एकटा पाहूनही निष्कर्ष काढू नये. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीतही तो असतो, आणि स्तनाचा कॅन्सर मेंदूच्या आवरणात जाऊन बसू शकतो. म्हणूनच वर म्हटलं, पूर्वीचा आजार फॉर्मवर लिहा.

पीआर दोन्ही गटांत मोडतो. ग्रेड १ च्या बहुतेक गाठींत तो केंद्रकात छान उमटतो आणि ग्रेड चढला की कमी होत जातो. पण तो निगेटिव्ह आहे म्हणून ग्रेड बदलत नाही. पीआरवरून आणखी एक गोष्ट निघते. २०२४ मध्ये फ्रान्समधला एक मोठा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन या प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाचं गर्भनिरोधक इंजेक्शन वर्षभर किंवा जास्त घेतलेल्या बायकांत, ऑपरेशन करावं लागलेल्या मेनिंजिओमाचं प्रमाण सुमारे साडेपाच पट दिसलं. मुळात हा आजार त्या वयात विरळा, त्यामुळे प्रत्येकीने धसका घ्यायचं कारण नाही. पण आपल्या सरकारी दवाखान्यांत 'अंतरा' म्हणून मिळतं ते हेच औषध, आणि न्यूरोसर्जनसमोर त्याचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. मेनिंजिओमाचं निदान झालेल्या बाईने हे इंजेक्शन घेतलं असेल तर पुढचा डोस घेण्याआधी डॉक्टरांना सांगा, ते पर्याय देतील. सासू समोर बसली आहे म्हणून गप्प राहू नका.

दुसऱ्या गटात के.आय.६७. सगळा गोंधळ याच्याभोवती. 'मॅडम, आईचा के.आय.६७ आठ टक्के आलाय, म्हणजे कॅन्सर आठ टक्के पसरलाय का?' असं विचारणारे सज्जन, शिकलेले लोक असतात. नाही. १०० पेशी मोजल्या तर त्यांतल्या आठ पेशी विभाजनाच्या चक्रात उतरलेल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. चक्राच्या कुठल्याही टप्प्यावर असलेली पेशी यात रंगते, प्रत्यक्ष विभागणारी त्यातली थोडीच. म्हणून मायटोसिस २ आणि के.आय.६७ मात्र ८ टक्के, यात विसंगती नाही.

आणि मुख्य गोष्ट: डब्ल्यूएचओच्या निकषांत के.आय.६७ चा आकडा नाही. त्याच्यावरून ग्रेड देत नाहीत. ४ टक्क्यांच्या वर गेला तर गाठ पुन्हा येण्याची शक्यता वाढते, २० च्या वर असेल तर ग्रेड ३ सारख्या वागण्याची भीती, असा अंदाज आम्ही धरतो. पण तो अंदाजच. एकच स्लाइड दोघांनी वाचली तर एक ५ म्हणेल, दुसरा ८. कुणी सगळ्यात गडद जागा मोजतं, कुणी सरासरी काढतं, आणि कितीतरी जण नजरेनेच ठोकून देतात. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून 'वाढला की कमी झाला' हे ठरवू नका. आकड्याचा खरा उपयोग इशाऱ्यापुरता: ग्रेड १ लिहिलंय आणि के.आय.६७ १२ टक्के आहे, तर पॅथॉलॉजिस्टने परत बसून मायटोसिस शोधायला हव्यात, आणखी ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, कापायला हवेत. पीएचएच३ हा मार्कर त्यासाठी मदतीला येतो. त्यात मायटोसिस चटकन डोळ्यात भरतात.

राहिले ते मार्कर, जे 'गेले', म्हणजे रंगलेच नाहीत, तर वाईट. एच३के२७एमई३ केंद्रकात टिकून असावा. गाठीच्या सगळ्या पेशींतून गेला तर गाठ लवकर परतण्याची शक्यता जास्त. हा वाचताना मी आधी रक्तवाहिन्यांच्या पेशी बघते. त्यांत रंग आहे आणि गाठीत नाही, तरच 'गेला' म्हणायचं. दोन्हीकडे नसेल तर स्टेनच फसलाय. बीएपी१ गेला असेल, विशेषतः रॅब्डॉइड गाठीत, तर हा दोष घराण्यातून आलेला असू शकतो. जेनेटिक काउन्सेलरकडे जा. एमटॅप गेला तर सीडीकेएन२ए गेल्याचा संशय, मग जनुकाची तपासणी. स्मार्सई१ जातो तो क्लिअर सेलमध्ये.

प्रत्येक ग्रेड १ ला हे सगळं करत बसायची गरज नाही. ग्रेड काठावर आहे, गाठ परत आली आहे, ग्रेड १ म्हणतोय पण वागणं तसं नाही, अशा वेळी करावं. गुणसूत्र १ आणि २२ चे तुकडे एकत्र गळालेले असतील तर ग्रेड १ दिसणाऱ्या गाठीलाही २ धरावं, अशी शिफारस २०२१ नंतर सिम्पॅक्ट-नाऊ या तज्ज्ञगटाने केली आहे. तुमच्या डॉक्टरांनी मेथिलेशन किंवा एनजीएस या डीएनएच्या तपासण्यांचं नाव काढलं तर ते अशाच कारणासाठी.

तुमच्या हातातली कामं

लहान गावांत गाठीची डबी नातेवाइकाच्याच हातात देतात: 'लॅबला पोचवा.' त्या वेळी एवढं विचारा: आत फॉर्मॅलिन आहे का? सलाईनमध्ये रात्रभर राहिलेल्या गाठीतली प्रोटीनं खराब होतात आणि मग कोणताच मार्कर भरवशाचा राहत नाही. द्रव गाठीच्या दहापट तरी असावा, गाठ बुडालेली असावी. झाकण उघडून वास घेऊ नका. डबीवर नाव, तारीख आणि बाजू, डावी की उजवी, लिहिलेली बघा. झाकणावर नव्हे, डबीवर; झाकणं बदलतात. हाडाचा तुकडा असेल तर तो वेगळ्या डबीत असावा, कारण हाड मऊ करायला आम्ही ॲसिड वापरतो आणि त्यात मार्करही मरतात, डीएनएही.

दुसरं मत घ्यायचं असेल, ग्रेड २-३ ला ते घ्यावंच, तर टाटा मेमोरियलला किंवा बंगळुरूच्या निम्हान्सला नुसता रिपोर्ट घेऊन जाऊन काही होत नाही. स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक दोन्ही न्या. ब्लॉक म्हणजे मेणाच्या वडीत बसवलेली तुमची गाठ. लॅबमध्ये अर्ज देऊन ते मिळतात. ब्लॉकचे नंबर पावतीवर लिहून घ्या आणि काम झालं की परत जमा करा. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. स्लाइड रुमालात गुंडाळून खिशात घालून आणलेल्याही मी पाहिल्यात, अर्थातच तुकड्यांत. लॅबकडे प्लास्टिकची स्लाइडबॉक्स मागा, देतात.

ग्रेड १ पूर्ण काढला असला तरी एमआरआय चुकवू नका. ग्रेड १ परत येण्याचं प्रमाण वेगवेगळ्या अभ्यासांत ७ ते २५ टक्के, ग्रेड २ चं २९ ते ५२ टक्के सांगितलं जातं. आणि ग्रेड १ दहा वर्षांनीही परततो. तेव्हा दुसरं ऑपरेशन झालं, तर नव्या गाठीसोबत पहिल्या ऑपरेशनचे ब्लॉक पॅथॉलॉजिस्टला द्या. जुनी आणि नवी स्लाइड एकाच मायक्रोस्कोपखाली, एकाच माणसाने, एकामागून एक पाहिली तर ग्रेड खरंच चढलाय की आधीच कमी लावला होता, ते त्याच दिवशी कळतं.